कांडीचा उजवा मागचा पाय

मांजराला गोळी देण्याची सोपी पद्धत सांगणारे पुष्कळ लोक भेटतात. डोकं मागे करा, जबड्याच्या कोपऱ्यातून बोट घाला, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवा, गळा चोळा, झालं. मोबाइलवर एक बाई हे हसत हसत करून दाखवते आणि तिचं मांजर मान डोलावून खाली उतरतं. त्या बाईने एकदा आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घरी यावं, असं मला दोन महिने रोज सकाळी वाटत होतं.

आमच्या कांडीचं आजारपण नऊ आठवडे चाललं. ज्यांच्या घरी असं चिवट दुखणं घेऊन बसलेलं मांजर आहे, ज्यांच्या हातांवर ओरखडे आहेत आणि ज्यांना ऑफिसमध्ये सुट्टीचं खरं कारण सांगता येत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांची नावं लिहीत नाही, ती तुमच्या डॉक्टरांना विचारा. आमच्याकडून काय चुकलं ते मात्र सगळं लिहिणार आहे. त्यातलं बरंच माझंच आहे.

आम्ही चौघं

मी शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंगचं काम बघतो. चार वर्षांपूर्वी तिथे पोत्यांच्या मागे एक मांजर व्यायली आणि दोन दिवसांनी दिसेनाशी झाली. पिलांतलं एकच वाचलं. ते मी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. हे वाक्य नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे माझी बायको वंदना हिने ते मला रोज ऐकवलं. ती शाळेत शिकवते आणि एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगायचा तिला कंटाळा येत नाही.

तिसरे बाबा, माझे वडील. वय एकोणऐंशी. पन्नास वर्षं त्यांनी हातमागावर लुगडी विणली. माग निघून बारा वर्षं झाली, त्या कोपऱ्यात आता फ्रिज आहे. पिलू सडपातळ होतं आणि जमिनीवर इकडून तिकडे घरंगळत होतं, म्हणून त्यांनी नाव ठेवलं कांडी. मागाच्या धोट्यात सूत गुंडाळलेली जी नळी असते, ती कांडी.

आई गेल्यापासून बाबांचं बोलणं आटलं. माझ्याशी ते दिवसातून चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन पंख्याबद्दल असतात. कांडीशी मात्र दिवसभर बोलतात. दुपारी आम्ही दोघंही घरी नसतो, तेव्हा ते दोघंच असतात. त्यामुळे कांडीच्या पायाचं जे झालं ते फक्त पायाचं नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि त्याचीच मला जास्त भीती होती.

काटा रुतला असेल

आखाड संपता संपता ती लंगडायला लागली. मी म्हटलं, काटा रुतला असेल, निघेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढत होतो तर बाबा दारात आले.

"बाबू, पाय गरम लागून राहिला तिचा."

"संध्याकाळी पाहू," मी म्हटलं. संध्याकाळी मी थकलेलो होतो. तिसऱ्या दिवशी ती वंदनाच्या टेबलावर चढली, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर बसली आणि तिच्या उजव्या मांडीवरचं गळू तिथेच फुटलं. सातवी ब च्या पन्नास मुलांचा भूगोल त्यात गेला.

वंदनाने ओलं फडकं माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "तुमीच आणलं ना तिले डब्याच्या पिशवीत घालून? आता तुमीच पुसा."

महाल भागाच्या अलीकडे जनावरांचा एक छोटा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण त्यांच्यासमोर मी विद्यार्थ्यासारखा उभा राहतो. त्यांनी कांडीला गुंगीचं इंजेक्शन दिलं, मांडीवरचे केस काढले आणि दोन बारीक भोकं दाखवली.

"काटा नाही हा. बोक्याने चावलं आहे. वरून जखम बुजली आणि आत पू झाला. तीन दिवस काय करत होते?"

त्यांनी पू काढला, जखम धुतली आणि कागदावर सगळं लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ धुवायचं, दोन वेळा गोळी, चाटू द्यायचं नाही, जखम उघडी ठेवायची. दहा दिवसांत बरी होईल म्हणाल्या. मी त्या दहा दिवसांवर विश्वास ठेवला.

गोळी, टॉवेल आणि "हळू"

आमचा दिनक्रम असा होता. पाच वाजता उठायचं. कांडीला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर. मी धरायचं, वंदनाने तोंड उघडून गोळी टाकायची, बाबांनी बाजूला उभं राहून "हळू" म्हणायचं. माझ्या मनगटातून रक्त निघत असायचं आणि बाबा म्हणायचे, हळू. कांडीचा पाय टॉवेलमधून सुटून माझ्या छातीवर, आणि बाबा, हळू. मी कधी मोठ्याने बोललो नाही, पण त्या एका शब्दाने माझं डोकं इतकं फिरायचं की वाडीला पोचेपर्यंत मी सिग्नलवर लोकांशी भांडायचो.

ती गोळी गिळल्याचं नाटक करायची. आम्ही शाबासकी द्यायचो. सहाव्या दिवशी वंदनाने दिवाणाखाली झाडू घातला तर तिथून नऊ गोळ्या निघाल्या. बारापैकी नऊ. मग गोदामातल्या एका ड्रायव्हरने सांगितलं की गोळीची पूड करून झिंग्यांच्या भुकटीत मिसळा. ते लागू पडलं. त्या माणसाला मी रोज सकाळी मनातल्या मनात नमस्कार करतो. पुढे तो जितक्या वेळा नागपूरवरून गेला तितक्या वेळा त्याने बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात घेण्याआधी मांजराची चौकशी केली.

डॉक्टरांनी चाटू नये म्हणून गळ्यात घालायला प्लास्टिकचा कॉलर दिला होता. तो घातला की कांडी उलटी चालायची. मागे मागे सरकत भिंतीला लागायची आणि तिथेच बसून राहायची. दोन दिवस ती जेवली नाही. बाबाही ताटावरून उठायला लागले.

"ते उपाशी आहे, मले कसं जाईन?" ते म्हणाले.

आता घरात दोन रुग्ण झाले.

चड्डी

तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर कांडीच्या गळ्यात कॉलर नव्हता आणि मागच्या पायात पांढरी चड्डी होती. एका पायाची, कमरेला नाडीने बांधलेली, शेपटीला जागा सोडलेली. बाबांनी पेटीतून जुनं सुती कापड काढून ती हाताने शिवली होती. आणि त्याला खळ दिली होती. मागावर ताणा चढवण्याआधी सुताला ताठपणा यावा म्हणून तांदळाची पातळ लापशी लावतात, ती खळ. चड्डी पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती.

"सुती आहे, हवा खेळते," बाबा म्हणाले. "आन् खळ दिली का दात लागत नाही. पाय मोडून चाटताबी येत नाही तिले."

खरंच येत नव्हतं. कांडी सरळ चालत होती, जेवत होती, खुशीत होती. चड्डीच्या वरूनच थोडंफार चाटायची, पण जखमेपर्यंत जीभ पोचत नव्हती. आम्ही तिघांनीही त्या चड्डीचं कौतुक केलं. वंदनाने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. बाबांनी आणखी दोन शिवल्या. रोज सकाळी गॅसवर खळ शिजायची. चाटून चाटून चड्डी मऊ पडली की बाबा वरून पुन्हा खळीचा हात द्यायचे. दिवस पावसाळी, काही धड वाळत नव्हतं. बारा वर्षांनी घरात तो वास येत होता आणि बाबांना सकाळी उठल्यावर काहीतरी काम होतं. मला बरं वाटत होतं, हे मी कबूल करतो.

आता माझी चूक. दवाखान्यात जायच्या दिवशी मी कांडीला आवरायचो. चड्डी काढायची, पाय कोमट पाण्याने पुसायचा, अंग विंचरायचं, टोपलीत स्वच्छ टॉवेल घालायचा आणि मग न्यायचं. त्या दवाखान्यात लोक मोठमोठे कुत्रे घेऊन येतात, त्यांच्या गळ्यात चांगले पट्टे असतात. त्यांच्यात मी एका पायाची चड्डी घातलेलं मांजर घेऊन बसायचं म्हणजे शोभा व्हायची. मला लाज वाटत होती. पाहुण्यांकडे जाताना आपण पोराला नवे कपडे घालतो, तसं मी तिला डॉक्टरकडे नेत होतो. त्यामुळे डॉक्टरांना ती चड्डी कधी दिसलीच नाही.

बरं व्हायचं नाव नाही

दहाचे वीस दिवस झाले. जखम वरून बुजायची आणि पुन्हा फुटायची. डॉक्टरांनी औषध बदललं, मग पुन्हा बदललं. पू तपासायला पाठवला, तर रिपोर्ट म्हणाला की चालू असलेल्या औषधाने हे जंतू मरायलाच हवेत. मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला.

"गोळ्या पोटात जातात ना नक्की?"

"जातात."

"जखम उघडी ठेवता ना?"

"हो," मी म्हटलं. सुती कापड होतं, हवा खेळत होती. मला ते खोटं वाटलंच नाही.

या काळात मला सल्ला दिला नाही असा माणूस सक्करदऱ्यात उरला नाही. हळद लावा, कडुलिंब लावा, काही लावू नका. शेजारच्या गुंफाबाई फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, "काहून एवढं करून राहिले जी तुमी? मांजर तं आहे." गोदामातल्या साहेबांनी विचारलं, घरी कोण आजारी आहे? मी वडील म्हटलं. मग त्यांनी बाबांना फोनवर लवकर बरं व्हायच्या शुभेच्छा दिल्या आणि बाबांनी "हाव, कांडीले सांगतो" म्हणून फोन ठेवला.

घरात आम्ही एकमेकांवर घसरायला लागलो. मी वंदनाला म्हटलं की ती पूड मोजून टाकत नाही. ती म्हणाली, "मी शाळा करू, स्वयंपाक करू, का तुमच्या मांजरीची पूड तोलत बसू?" दोन दिवस आम्ही बोललो नाही. ज्या घरात आजारी माणूस असतं तिथे असं होतं हे मी ऐकलं होतं. मांजराने पण होतं.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी मला आत बोलावून दार लावलं. पू हाडापर्यंत गेला असेल तर पाय वाचणार नाही, त्या म्हणाल्या. आठ दिवस वाट पाहू, मग एक्स-रे, मग ठरवू.

बाबांना सांगायला मी तास घेतला. ते ऐकून त्यांनी विचारलं, "कोनता पाय?" जसं काही त्यांना ठाऊक नव्हतं.

"उजवा मागचा, बाबा."

"तीन पायावर रायते का मांजर?"

"राहते म्हणतात."

त्यांनी कांडीला उचलून मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी खळ जास्त घट्ट केली. मी पाहिलं. मला वाटलं, करू द्या, तेवढंच हातात आहे त्यांच्या.

मारबतीच्या दिवशी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. मोठमोठे पुतळे गावातून फिरवतात आणि रोगराई घेऊन जा म्हणून ओरडतात. त्या सकाळी कांडी उठलीच नाही. अंग तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले. मी दवाखान्यात फोन केला. मॅडम म्हणाल्या, रस्ते बंद व्हायच्या आत या.

वंदना माहेरी गेलेली. कांडीला आवरायला वेळ नव्हता. बाबांनी तिला चड्डीसकट उचललं आणि ऑटोत जाऊन बसले. आजवर ते कधी दवाखान्यात आले नव्हते. वाटेत एका चौकात गर्दी होती, लोक ओरडत होते, "घेऊन जा गे मारबत." बाबांनी ऑटोतूनच हात जोडले आणि हळू आवाजात सांगितलं, "कांडीचं दुखनं बी घेऊन जा गे माय." मी दुसरीकडे बघितलं. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

टेबलावर ठेवल्यावर डॉक्टर थांबल्या.

"हे काय आहे, काका?"

"चड्डी आहे तिची," बाबा म्हणाले. "माह्या हातची. खळ दिलेली आहे."

डॉक्टरांनी नाडी सोडली. आतली बाजू ओली, चिकट होती. त्यांनी कापड नाकाशी नेलं आणि लगेच दूर धरलं. आंबलेल्या पेजेचा वास मलाही आला. घरी रोज येत होता, पण आमच्यासाठी तो चांगला वास होता.

"खळ कशाची?"

"तांदळाची."

"किती दिवसांपासून घालता?"

"पयल्या हप्त्यापासून. दिवसरात्र. फकस्त इथं आनाच्या दिवशी हा काढून ठेवते," बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की खळीने कापडाची भोकं बुजतात, हवा जात नाही. कांडीची लाळ त्यात मुरते, भात आंबतो आणि जखम दिवसरात्र त्या ओल्यात राहते. औषध एका बाजूने जंतू मारत होतं आणि दुसऱ्या बाजूने आपण त्यांना जेवू घालत होतो.

बाबांनी चड्डी त्यांच्या हातातून घेतली, घडी केली आणि खिशात ठेवली. डॉक्टरांनी जखम खरवडून धुतली, सलाईन लावलं. "पाच दिवस द्या मला," त्या म्हणाल्या. "अंगावर काही नको. मग एक्स-रे काढू."

परतताना ऑटोत माझा तोल गेला. "कोणी सांगितलं होतं बाबा तुमाले हे उपद्व्याप कराले? पाय गेला तर?"

ते समोर बघतच म्हणाले, "माहं चुकलं. मले समजाले पाह्यजे होतं, ओल्या खळीनं सूत बी सडते." मग माझ्याकडे वळले. "पन तू काढून काहून नेत होता रे? पयल्याच दिवशी बाईनं पाह्यलं असतं तं तिनं सांगतलं असतं. लाज वाटत होती का तुले?"

घर येईपर्यंत कांडी बाबांच्या मांडीवर होती आणि त्यांचा हात तिच्या पायावर होता, जखमेपासून चार बोटं दूर.

पाच दिवस

माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही. मी चहा केला आणि बाबांना आवडतो तसा गोड केला. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." म्हणजे मिटलं. वंदना संध्याकाळी आली. मी तिला सगळं सांगितलं, पुडीवरून बोललो होतो त्याबद्दलही. ती म्हणाली, "हे सांगाले पाच आठवडे लागले तुमाले," आणि माझ्या मनगटावर मलम लावलं.

प्लास्टिकचा कॉलर पुन्हा चढला. या वेळी बाबा तिला घेऊन जमिनीवर बसले. ती उलटी सरकली की तेही तिच्यामागे सरकायचे, कॉलरच्या आत हात घालून झिंगे भरवायचे. दुपारभर बसून राहायचे, गुडघे दुखले तरी. मी साहेबांना या वेळी खरं सांगितलं. त्यांनी दोन दिवसांची सुट्टी दिली. त्यांच्या घरी पोपट आहे, हे मला तेव्हा कळलं.

पाचव्या दिवशी जखम कोरडी होती. आम्ही तिघंही दवाखान्यात गेलो. एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरून डॉक्टर इतका वेळ बघत राहिल्या की मी वंदनाचा हात धरला, भर दवाखान्यात.

"हाड शाबूत आहे," त्या म्हणाल्या.

बाबांनी विचारलं, "म्हंजे पाय रायते?"

"राहतो, काका."

बाबा खाली बाकावर बसले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसत राहिले. बाजूला एका माणसाचा मोठा कुत्रा होता, तो येऊन त्यांच्या गुडघ्यापाशी बसला. मला कोणाचीही लाज वाटली नाही.

पुढेही चार आठवडे गोळ्या चालल्या, कारण आता कुठे त्यांना काम करायला मोकळीक मिळाली होती. तुमच्या घरी असं काही चालू असेल तर मी एवढंच सांगेन की डॉक्टरकडे मांजर आवरून नेऊ नका. घरी जसं असतं तसंच न्या, त्याच्या चड्डीसकट, वासासकट. आणि घरातल्या ज्या माणसाने ती चड्डी शिवली त्यालाही न्या.

दिवाळी झाली. मांडीवर केस आले आहेत, जरा वेगळ्या रंगाचे. बोका अजून भिंतीवर येतो आणि कांडी अजून त्याच्याशी भांडायला जाते, तिला काडीची अक्कल आलेली नाही. ती दिवसभर बाबांच्या मांडीवर असते, वंदनाच्या पायांत घोटाळते. ज्याने नऊ आठवडे पाच वाजता उठून तिला धरलं, त्या माझी नुसती चाहूल लागली तरी उठून पळते. टॉवेल हातात असो वा नसो.

काल मी कामावरून आलो, दारात पाय ठेवला आणि ती बाबांच्या मांडीवरून उडी मारून थेट कुंपणाच्या भिंतीवर गेली.

बाबा म्हणाले, "तुले पाहूनच पळते रे ते."

"पळू द्या बाबा," मी म्हटलं. "चारही पायांनी पळून राहिली ना."